मयत फंडातून उभी राहिलेली दुकाने

अमेरिकेतल्या रिचमंड शहरात, सेकंड आणि क्ले या दोन रस्त्यांच्या चौकात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक पाय नसलेला एक कृष्णवर्णीय मुलगा भाड्याची खुर्ची मांडून लोकांच्या बुटांना पॉलिश करायचा. ऊन, पाऊस, बर्फ सगळे डोक्यावर. तो 'सेंट ल्यूक' नावाच्या संघटनेचा सभासद झाला आणि नाणे नाणे साठवू लागला. पन्नास डॉलर जमले तेव्हा संघटनेने त्याला तीन खुर्च्या मावतील एवढी जागा भाड्याने मिळवून द्यायला मदत केली. सात वर्षांनी त्याच्या दुकानात बारा खुर्च्या होत्या आणि आईसाठी घेतलेल्या घरावर कर्ज उरले नव्हते. संघटनेच्या सर्वेसर्वा मॅगी लीना वॉकर ही हकीकत अभिमानाने सांगत.

मला या हकीकतीत मुलाच्या जिद्दीपेक्षा त्या जागेचे कुतूहल वाटले. जिद्दीच्या गोष्टी आपल्याकडेही खंडीने छापल्या जातात. पण ज्याच्याकडे तारण नाही, जामीन नाही, ज्याची आधीची पिढी बाजारात विकली गेलेली, त्याच्या पाठीशी उभे राहायला पैसा आला कुठून? तो कोणाचा होता आणि कशासाठी गोळा झाला होता? मी अर्थशास्त्राचा पदवीधर नव्हे. एका पतसंस्थेत खतावणी आणि वसुली करण्यात माझी पंचवीस वर्षे गेली, त्यामुळे कोणतीही चळवळ वाचताना डोळे आधी तिची वही शोधतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी आपल्यातल्या धंदा करू पाहणाऱ्यांना हात कसा दिला, याच्या वह्या मी गेली काही वर्षे जमेल तशा वाचतो आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातर्फे केलेल्या दोन पाहण्या, एक १८९९ची व्यापाराबद्दल आणि दुसरी १९०७ची आर्थिक सहकार्याबद्दल, हा त्यातला माझा मुख्य आधार. या सगळ्या वाचनातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. या समाजाच्या भांडवलाचा उगम बहुतेक ठिकाणी बाजारात नाही, बँकेतही नाही. तो स्मशानात आहे.

हे वाक्य नाटकी वाटेल, म्हणून हिशेबच देतो. १७८७ साली फिलाडेल्फियात रिचर्ड अॅलन आणि अॅब्सलम जोन्स या दोघांनी 'फ्री आफ्रिकन सोसायटी' काढली. दोघेही गुलामीत जन्मलेले, नंतर स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेले. सभासदाने दर महिन्याला एक शिलिंग द्यायचा. वर्षभर वर्गणी भरलेल्याला अडचण आली तर आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळायचे. विधवांची सोय, मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था, मृताचे नीट दफन ही कामे याच पैशातून व्हायची. मुंबईच्या चाळींत कोकणातल्या गावमंडळांनी जो 'मयत फंड' चालवला, त्याची आठवण होते. परक्या शहरात माणूस गेला तर त्याला बेवारस म्हणून नेले जाऊ नये, ही धास्ती दोन्हीकडे सारखी. गुलामीत ज्याचा देहसुद्धा दुसऱ्याच्या मालकीचा होता, त्याला आपल्या माणसांच्या हातून मूठमाती मिळण्याचे मोल किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या शंभर वर्षांत अशा शेकडो संघटना निघाल्या. त्यांना बळ दिले ते बाहेरच्या विमा कंपन्यांनी, तेही उलट्या मार्गाने. प्रुडेन्शियल कंपनीने १८८१ मध्ये असे ठरवले की कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्याइतकाच हप्ता भरला तरी मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांना रक्कम मिळेल ती एक तृतीयांश कमी. मग लोकांनी हप्ता आपल्याच संघटनेत भरणे साहजिक होते. महिन्याला काही सेंट देणाऱ्या हजारो बायाबापड्यांचा पैसा एका पेटीत साठू लागला. मयते रोज होत नाहीत, पेटीत शिल्लक राहते. त्या शिलकीचे काय करायचे, हा प्रश्न ज्या दिवशी पडला त्या दिवशी या फंडांची बँक व्हायला सुरुवात झाली.

पण त्याआधी एक मोठा घात झालेला होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचे समजत नाही.

यादवी युद्ध संपत असताना, ३ मार्च १८६५ रोजी, लिंकन यांनी 'फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँके'च्या कायद्यावर सही केली. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांनी मजुरीचे आणि सैनिकांनी पगाराचे पैसे इथे ठेवावेत, अशी योजना होती. पाच सेंटपासून खाते उघडता येई. लोकांना ती सरकारी बँकच वाटे. प्रत्यक्षात ठेवींना सरकारची कसलीही हमी नव्हती. सुरुवातीला पैसा सरकारी रोख्यांत गुंतवायचे बंधन होते. १८७० मध्ये कायदा बदलून जमीनजुमल्याच्या तारणावर कर्जे द्यायला मुभा मिळाली आणि वित्त समितीवरच्या मंडळींनी आपल्या ओळखीपाळखीच्या गोऱ्या सट्टेबाजांना कर्जे वाटली. १८७३च्या मंदीत ती बुडाली. मार्च १८७४ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्षपदी बसवले गेले. त्यांनी स्वतःचे दहा हजार डॉलर त्यात घातले, पण तोवर आत काही उरलेच नव्हते. त्याच उन्हाळ्यात बँक बंद झाली तेव्हा सुमारे ६१ हजार ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकलेले होते. पुढे वर्षानुवर्षे चिंधी चिंधी करून काहींना निम्म्याहून थोडे अधिक मिळाले, बऱ्याच जणांना काहीच नाही.

एका बुडालेल्या पतसंस्थेच्या बंद शटरपुढे पासबुक घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या मी माझ्या तालुक्यात पाहिल्या आहेत. माझी एक मावशीही त्यांत होती. अशा ठिकाणी पैसा गेल्याचा राग असतोच, पण त्याहून खोल जाते ती लाज, की आपण विश्वास ठेवला. म्हणून फ्रीडमन्स बँकेच्या इतिहासात मला बुडाल्यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त बोचते. बँक चालू होती तेव्हाही तिने आपल्या ठेवीदारांना धंद्यासाठी उभे केले नाही. ठेव कृष्णवर्णीयांची आणि कर्ज दुसऱ्यांना, असा तो व्यवहार होता. बचत करायला शिकवणे आणि धंद्याला मदत करणे या दोन गोष्टी एक नाहीत, हा फरक आजच्या कितीतरी योजनांनाही कळत नाही.

मॅगी वॉकर या बँक बुडाली तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. जन्म १८६४चा, रिचमंडमधलाच. आई एलिझाबेथ धुणी धुवायची. मॅगी घरोघर कपड्यांची गाठोडी पोचवायची. मोठेपणी शाळेत शिक्षिका झाल्या, पण १८८६ मध्ये लग्न झाले आणि विवाहित स्त्रीला शिक्षिका राहता येत नसल्याने नोकरी गेली. 'इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक' या संघटनेत त्या शाळकरी वयापासून होत्या. ही संघटना १८६७ साली बाल्टिमोरमध्ये मेरी प्राउट नावाच्या शिक्षिकेने बायकांसाठी काढलेली होती. आजारपणात मदत आणि मेल्यावर दफनखर्च, एवढाच तिचा व्याप. १८९९ मध्ये वॉकरबाईंच्या हाती तिचे सचिवपद आले तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि देणे सुमारे ४०० डॉलरचे. आमच्या पतसंस्थेत नवीन सचिव असे दप्तर पाहून दुसऱ्याच दिवशी राजीनामा देता.

वॉकरबाईंनी १९०१च्या अधिवेशनात तीन गोष्टी मागितल्या: वर्तमानपत्र, बँक आणि दुकान. क्रमाकडे लक्ष द्यावे. १९०२ मध्ये 'सेंट ल्यूक हेरल्ड' निघाले. म्हणजे आधी बोलायची जागा तयार झाली. दरम्यान बाई काही महिने रिचमंडच्या एका गोऱ्यांच्या बँकेत जाऊन बसत आणि कामकाज पाहत. २ नोव्हेंबर १९०३ रोजी 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' उघडली. पहिल्या दिवशी सुमारे २८० जणांनी खाती उघडली. ठेवी आणि भागभांडवल मिळून ९,३४० डॉलर ४४ सेंट जमले. एका खातेदाराने ३१ सेंट भरले होते. नाव पेनीचे ठेवले ते उगाच नव्हे. रिचमंड हे तंबाखूचे शहर, तिथल्या कारखान्यांत पाने खुडणाऱ्या आणि घरोघर धुणे धुणाऱ्या बायकांना डॉलर महिन्याकाठी दिसे, पेनी रोज दिसे.

या बँकेच्या संचालक मंडळावर बायका होत्या, हे त्या काळी नवलाचे. पण मला तिचे कर्जवाटप अधिक महत्त्वाचे वाटते. इतर बँका कृष्णवर्णीय अर्जदाराला तारण विचारत, आणि तारण नसे कारण घर नसे, आणि घर नसे कारण कर्ज मिळत नसे. सेंट ल्यूकपाशी कर्जदाराची एक वेगळी नोंद होती. तो गेली पाच-सात वर्षे मयत फंडाची वर्गणी वेळेवर भरतो आहे की नाही, शेजारी आजारी पडला तर जातो की नाही, हे त्याच्या शाखेतल्या बायकांना तोंडपाठ असे. आजच्या भाषेत ज्याला पतगुणांक म्हणतात, तो इथे वर्गणीच्या वहीत होता. १९२० पर्यंत या बँकेच्या कर्जावर ६४५ घरांचे हप्ते फिटले होते. घर हे धंद्याचे पहिले तारण असते. न्हाव्याचे दुकान असो, शिवणकाम असो की खाणावळ, त्या वस्तीतले निम्मे धंदे घराच्या पुढच्या खोलीतच सुरू होत. जॅक्सन वॉर्ड नावाचा तो भाग दुकाने, वकिलांची कार्यालये, नाट्यगृहे यांनी गजबजला तो याच काळात.

तिसरी मागणी मात्र फसली, आणि तीच मला सर्वांत बोलकी वाटते. १९०५ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर, म्हणजे गोऱ्यांच्या बाजारपेठेत, 'सेंट ल्यूक एम्पोरियम' हे मोठे दुकान उघडले. कपडे, टोप्या, घरसामान सगळे एका छताखाली. काउंटरवर पंधराएक कृष्णवर्णीय मुली. ज्या मुलींना तोवर मोलकरीण किंवा तंबाखूची कामगार यापलीकडे नोकरी नव्हती, त्यांना इथे विक्रेती म्हणून उभे राहता आले. गोऱ्या व्यापाऱ्यांनी आधी जागा विकत घेऊ पाहिली, मग संघ काढला आणि घाऊक व्यापाऱ्यांना पत्रे पाठवली की यांना माल देऊ नका. एल्सा बार्कले ब्राउन या इतिहासकाराने हा सगळा प्रकार तपशिलाने मांडला आहे. तरीही दुकान बसले ते केवळ या दडपणामुळे नव्हे. गिऱ्हाईक आले नाही. ज्यांनी भागभांडवल घातले त्यांतलेही कितीजण खरेदीला शेजारच्या गोऱ्याच्या दुकानात जात राहिले. तिथे माल स्वस्त होता, आणि शिवाय गोऱ्याच्या दुकानातली वस्तू म्हणजे जरा भारी, ही समजूत होतीच. १९०६ मध्ये वॉकरबाईंनी खास पुरुषांसाठी भरवलेल्या सभेत भाषण केले. वर्णद्वेष हा सिंह आहे आणि तुम्ही तुमच्या खरेदीने त्याला रोज खाऊ घालता, असा त्याचा रोख होता. बाईने पुरुषांना एका जागी बसवून बाजारहाटावरून खडसावावे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे. उपयोग झाला नाही. सात वर्षे पुरी व्हायच्या आत एम्पोरियम बंद झाले.

याच सुमारास, १९१० मध्ये, रिचमंडमधली 'ट्रू रिफॉर्मर्स' या दुसऱ्या बंधुसंघटनेची बँक बुडाली. तिने संघटनेच्या स्वतःच्याच उद्योगांना कर्जे देऊन ठेवली होती आणि आत अफरातफरही झाली होती. सेंट ल्यूकने बँकेचे आणि संघटनेचे हिशेब कायद्यानुसार वेगळे केले आणि ती टिकली. १९३०च्या आसपास दोन दुसऱ्या कृष्णवर्णीय बँकांना पोटात घेऊन ती महामंदीतूनही पार पडली, जेव्हा देशातल्या हजारो बँका कोसळत होत्या. १९३४ मध्ये वॉकरबाई वारल्या. अखेरची काही वर्षे त्या चाकाच्या खुर्चीतून काम करत.

एम्पोरियमने जो धडा दिला, की कर्ज देऊन दुकान उभे राहते पण गिऱ्हाइकाशिवाय चालत नाही, तो डेट्रॉइटच्या बायकांनी मनावर घेतला. १० जून १९३० रोजी तिथल्या बेथेल चर्चमध्ये फॅनी पेक या पाद्रीबाईंनी, म्हणजे पाद्र्यांच्या पत्नीने, पन्नास बायका जमवल्या आणि 'हाउसवाइव्ज लीग' काढली. घरातला बहुतेक खर्च बाईच्या हातून होतो, तेव्हा तो कुठे करायचा हे बाईनेच ठरवायचे, असे तिचे म्हणणे. सभासद शपथ घेई की कृष्णवर्णीय व्यावसायिकाकडून, किंवा कृष्णवर्णीयांना नोकरी देणाऱ्या दुकानातून माल घेईन. पण लीग एवढ्यावर थांबली नाही. बायका दुकानात जाऊन स्वच्छता पाहत, वजन पाहत, भाव पाहत आणि दुकानदाराला सुनावत. आपल्या माणसाकडून घ्यायचे म्हणजे किडका माल गोड मानून घ्यायचा, असे नव्हे. चार-पाच वर्षांत सभासद दहा हजारांवर गेले. जोडीला पाद्री विल्यम पेक यांची 'बुकर टी. वॉशिंग्टन ट्रेड असोसिएशन' दुकानदारांची होती. एकीकडे गिऱ्हाइकांचा संघ, दुसरीकडे दुकानदारांचा, आणि दोन्ही एकाच चर्चच्या छताखाली. अशी जोडणी मला दुसरीकडे फारशी आढळली नाही.

त्या असोसिएशनच्या सभासदांत जॉर्जियातून आलेला एक किराणा दुकानदार होता. दुकानाचे नावही त्याने बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यावरूनच ठेवलेले. त्याच्या कुटुंबात पुढे एक घरगुती फंड चालू झाला. भावंडे आणि आईबाप ठरावीक वर्गणी भरत आणि लागेल त्याला सर्वांच्या संमतीने कर्ज मिळे. घरातल्या एका मुलाचे संगीताच्या तबकड्यांचे दुकान आधीच बुडालेले होते. जानेवारी १९५९ मध्ये तो पुन्हा पैसे मागायला आला. थोरल्या बहिणीने त्याला उभेआडवे प्रश्न विचारले, वचनचिठ्ठीवर सही घेतली, मग ८०० डॉलर दिले. तो मुलगा बेरी गॉर्डी आणि त्या ८०० डॉलरांतून निघाली ती मोटाउन कंपनी, जिची गाणी पुढे जगभर वाजली. मोटाउनच्या कहाणीत गॉर्डीची प्रतिभा सगळे सांगतात. मला ती बहीण आवडते. भिशी चालवणारी बाई अशीच असते. नात्याला नाही म्हणत नाही, पण सही घेतल्याशिवाय पैसेही सोडत नाही.

इथे एक आक्षेप घ्यायला हवा, आणि तो माझा नाही. मेहरसा बरदारन यांनी २०१७च्या 'द कलर ऑफ मनी' या पुस्तकात असे दाखवले आहे की कृष्णवर्णीय बँकांवर भिस्त ठेवणे ही मुळातच अडचणीची वाट होती. कर्ज घेऊन माणूस घर घेतो ते गोऱ्या मालकाकडून. म्हणजे पैसा वस्तीतून बाहेर गेला आणि गोऱ्या बँकेत जमा झाला. परत फिरून आपल्या बँकेत ठेव म्हणून येणार कसा? शिवाय वेगळे पाडलेल्या वस्तीतल्या घराची किंमत वाढत नाही, म्हणजे तारण दुबळे. शतकभर ज्यांना जमीन, मजुरी, कर्ज सगळे नाकारले त्यांना 'तुम्ही आपापसात काटकसर करून वर या' असे सांगणे हा सरकारने जबाबदारी झटकण्याचा सोयीचा मार्ग झाला, असा तिचा निष्कर्ष. १९६८ नंतर निक्सन यांनी 'ब्लॅक कॅपिटॅलिझम'चा जो गाजावाजा केला, त्यावर तर ती फारच कडक लिहिते.

हा आक्षेप मला बराचसा पटतो. पेन्या साठवून दीडशे वर्षांची लूट भरून निघत नाही. मॅगी वॉकर यांच्या जॅक्सन वॉर्डमधून १९५०च्या दशकात महामार्ग काढला गेला आणि शेकडो घरे पाडली गेली. ज्या घरांचे हप्ते बायकांनी फेडले होते, त्यांतली किती त्या रस्त्याखाली गेली असतील! कोणतीही बँक यापुढे काय करणार? पण बरदारन जिथे थांबतात तिथे मला थोडे पुढे जावेसे वाटते. सेंट ल्यूकने वर्णभेद संपवला का, असे विचारले तर उत्तर नाही. पण सरकारी पैसा पुढे जेव्हा आला, तेव्हा तो नीट वापरणारी माणसे कुठल्या मुशीतून आली, असे विचारले तर उत्तर याच संघटनांकडे जाते.

फिलाडेल्फियाचे लिऑन सलिव्हन हे त्याचे उदाहरण. हे झायन बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. १९६० मध्ये त्यांनी इतर पाद्र्यांना बरोबर घेऊन शहरातल्या एका केक-बिस्किटांच्या कंपनीवर बहिष्कार पुकारला, कारण ती कृष्णवर्णीयांना चांगल्या जागांवर घेत नव्हती. कंपनी नमली. मग सलिव्हन यांच्या लक्षात आले की नोकऱ्या मागून मिळतील, पण नोकऱ्या देणारे आपले कोण? १९६२ मध्ये त्यांनी रविवारच्या प्रवचनात '१०-३६' ही योजना मांडली. दर महिन्याला १० डॉलर, ३६ महिने. पन्नास माणसे मागितली होती, दोनशेहून अधिक उभी राहिली. प्रत्येकाच्या ३६० डॉलरांतले २०० नफ्याच्या कंपनीत भाग म्हणून गेले आणि १६० धर्मादाय न्यासात. आधी द्यायचे, मग घ्यायचे, हा त्यांचा आग्रह. या भांडवलावर आणि बँकेच्या कर्जावर १९६८ मध्ये नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर 'प्रोग्रेस प्लाझा' उभा राहिला. कृष्णवर्णीयांनी स्वतः बांधलेले आणि स्वतःच्या मालकीचे ते पहिल्या बाजारसंकुलांपैकी एक. मदत देणारी खासगी प्रतिष्ठाने आणि सरकार नंतर आले. दहा डॉलर भरणारे आधीच तिथे होते. मधल्या काही वर्षांत प्लाझात सुपरमार्केटच उरले नव्हते. २००९ मध्ये नवे आले, तोवर त्या वस्तीला दहाएक वर्षे ताज्या भाजीसाठी दूर जावे लागत होते. म्हणजे तोही काही विजयाचा सरळ आलेख नाही.

आता सरकारी वाटा. १९६९ मध्ये निक्सन यांच्या आदेशाने अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी केंद्रीय कार्यालय निघाले आणि सत्तरच्या दशकात सरकारी कामांत राखीव वाटा ठेवायची पद्धत रुळली. आपल्याकडे याचा थेट पडसाद उमटला. मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात 'दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री' स्थापन केली, आणि २०१२च्या केंद्रीय खरेदी धोरणात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करण्याची तरतूद आली. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हापासून मराठी मुलूख तिकडे पाहत आला आहे. त्यामुळे तिकडे या तरतुदींचे पुढे काय झाले, हे इकडेही नीट वाचले पाहिजे.

ते रिचमंडमध्येच घडले. १९८३ मध्ये रिचमंड नगरपालिकेने नियम केला की शहराच्या बांधकामाचे कंत्राट घेणाऱ्याने किमान ३० टक्के रकमेचे पोटकंत्राट अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना द्यावे. कारण साधे होते. शहरात निम्मी वस्ती कृष्णवर्णीय, आणि मागच्या पाच वर्षांत मुख्य कंत्राटांपैकी त्यांच्या वाट्याला आले होते ०.६७ टक्के. क्रोसन नावाच्या कंपनीला तुरुंगातल्या संडास-मुताऱ्यांचे काम हवे होते. ते नियमामुळे अडले, तिने दावा लावला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला. समाजात भेदभाव आहे असे ढोबळ म्हणून चालणार नाही, या शहराने या धंद्यात नेमका कोणता भेदभाव केला ते सिद्ध करा, असा दंडक घातला. मॅगी वॉकर यांच्या शहरातल्या ०.६७ टक्के या आकड्याला पुरावा मानले गेले नाही. एम्पोरियमविरुद्ध घाऊक व्यापाऱ्यांना गेलेली पत्रे त्या खटल्याच्या कागदांत असती तर, असे मनात येऊन गेले.

खासगी फंडांवरची पाळी २०२३ मध्ये आली. अटलांटाच्या 'फिअरलेस फंड' या कृष्णवर्णीय स्त्रियांनी चालवलेल्या संस्थेची एक स्पर्धा होती. कृष्णवर्णीय स्त्री व्यावसायिकांना २० हजार डॉलरचे अनुदान. एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने दावा लावला की ही गोऱ्यांविरुद्धची वंशभेदी वागणूक आहे. आधार घेतला तो १८६६च्या नागरी हक्क कायद्याचा. हा कायदा नुकत्याच सुटलेल्या गुलामांना गोऱ्यांसारखेच करारमदार करता यावेत म्हणून, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार झुगारून काँग्रेसने केलेला. फ्रीडमन्स बँकेच्या दुसऱ्या वर्षीचा. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी स्पर्धा थांबवली, सप्टेंबरमध्ये तडजोड झाली आणि फंडाने ते अनुदान कायमचे बंद केले. त्यानंतर अनेक संस्थांनी अर्जातून 'कृष्णवर्णीय' हा शब्द काढून त्याजागी वस्ती, उत्पन्न असे निकष घातले.

ज्यांना अर्जाचाच नमुना नाही, त्यांना हे लागू होत नाही. ब्रुकलिनमध्ये त्रिनिदाद, बार्बाडोस, गयानाकडून आलेल्या कुटुंबांत 'सुसू' चालते. ही थेट आपली भिशी. पश्चिम आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन बेटांवर गेली आणि तिथून न्यूयॉर्कला आली. दहा-वीसजण आठवड्याला ठरावीक रक्कम एका विश्वासू बाईकडे देतात आणि पाळीपाळीने सगळी रक्कम एकेकाला मिळते. कित्येकांच्या घराचे विसारपैसे आणि दुकानाचे पहिले डिपॉझिट असेच जमले. व्याज नाही, तारण नाही, आणि बँकेच्या पतनोंदीत याचा मागमूस नाही. वीस वर्षे एकही हप्ता न चुकवलेली बाई बँकेत गेली तर तिथल्या संगणकाला तिची काहीच ओळख नसते. आपल्याकडे भिशी लागते किंवा उचलली जाते. ते लोक पाळी आली की म्हणतात, मला माझा 'हात' मिळाला.